बिनपगारी हवामान

आमच्याकडे बंद लोक पुकारायचे.
टायर जळायचे, शटर खाली यायचे,
सरकार खिडकीतून बघत बसायचं.
इथे मंगळवारी मध्यरात्री सरकारनेच बंद पुकारला
आणि लोक सकाळी उठून गवत कापत राहिले.

मी कामावर जाते. क्लीव्हलंडच्या विमानतळालगत,
पांढऱ्या घुमटाच्या रडारपाशी,
आम्ही सात जण अत्यावश्यक आहोत.
म्हणजे यायचं, पण पगार नाही.
शिरीषदादा इस्लामपुराहून फोनवर खो खो हसला :
बिनपगारी, फुल अधिकारी!
मीही हसले. मग कॅलेंडरवर घराचा हप्ता पाहिला.

बुधवारी दोन बातम्या एकीखाली एक.
वर : वॉशिंग्टनमध्ये ठराव पुन्हा पडला, नऊ मतं कमी.
खाली : रेमंड टिबोडोच्या कोपराची शीर तुटली.
खरं सांगते, मला खालचीचं जास्त वाईट वाटलं.
एकोणचाळीस वर्षांचा माणूस, लुइझियानातल्या कुठल्याशा दलदलीतला,
चेंडू टाकण्याआधी टोपीला दोनदा बोट लावायचा,
आत कुणी झोपलंय आणि दार हळूच वाजवावं तसं.
रात्री पत्रकारांना म्हणाला,
हात माझाच आहे, पण दुखतो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.
त्या आठवड्यात वॉशिंग्टनमधलं एकही माणूस
इतकं सरळ बोललं नाही.

बेसबॉल मला उशिरा आला, गाडी चालवण्यासारखा.
पहिली काही वर्षं स्ट्राइक म्हटलं की
साखर कारखान्याच्या फाटकावरचा संपच दिसायचा,
वडाखाली सतरंजी, लाल फडकी.
बेस चोरला की टाळ्या का, तेही कळायचं नाही.
चोरी, तीही चाळीस हजार साक्षीदारांसमोर!
शिकवलं शेजारच्या डुएन हॉर्व्हाथने,
कुंपणावर कोपर टेकून, हातातली नळी तशीच वाहती ठेवून.
पंच ज्या चौकटीत बघतो ना, म्हणाला,
ती कुठे आखलेली नसते.
गुडघ्यापासून छातीपर्यंत नुसती हवा.
सगळ्यांनी आहे म्हणायचं, की खेळ चालतो.

वसंतात त्याच्या अंगणात ती पाटी लागली,
माझ्या अंगणात माझी.
तेव्हापासून आमच्यात फक्त खेळ.
त्याचं राजकारण मला त्याच्या गॅरेजमधल्या रेडिओतून कळतं,
माझं त्याला माझ्या लेकीच्या गाडीच्या मागच्या काचेवरून.

शुक्रवारी दारात कागदी पिशवी. हिरवे टोमॅटो,
दहिवर पडायच्या आत तोडलेले. आणि चिठ्ठी :
पगार थांबलाय म्हणे. मूर्ख आहेत सगळे.
'सगळे'खाली दोन रेघा.
मी चटणी केली, शेंगदाण्याचं कूट घालून,
अर्धी बरणी त्याला नेऊन दिली.
सगळे म्हणजे कोण, ते विचारलं नाही.

शनिवारी हरलो तर मोसम संपला, असा सामना.
माझी नेमकी रात्रपाळी.
लेक ईरीच्या काठाने ढगांची पट्टी सरकत होती,
पडद्यावर हिरवी, मध्ये पिवळट.
मी लिहिलं : नऊ दहाला पाऊस, फार तर तासभर.
नऊ बाराला मैदानावर ताडपत्री ओढली.
आठवा डाव, एका धावेने मागे, दोघे बेसवर.

साडेनऊला ऑफिसचा फोन वाजला. डुएन.
थांबेल का?

त्याने ज्यांना मत दिलं त्यांची एक यादी आहे,
काय काय बंद करायचं त्याची.
आमचं ऑफिस पान एकशे बारावर.
यादी मी वाचलीये. त्याने वाचली नसावी,
किंवा वाचलीही असेल.

मी रडार पाहिलं. पट्टीची शेपटी
आमच्या छपरावरून पुढे निघून गेली होती.
दहाच्या सुमारास, म्हटलं. सत्तर टक्के.
बरं, म्हणाला. मग जागतो.

फोन त्यानेही ठेवला नाही, मीही नाही.
त्याच्या रेडिओत ताडपत्रीवर पाऊस वाजत होता.
माझ्या खिडकीबाहेर तो केव्हाच थांबला होता.