चारशे सतरा

अकिवाटे सर दगड आणायचे, मी घासायचो.
एकतीस वर्षं.
काचेवर चिकटवलेला काप, कार्बोरंडमची पूड, पाणी,
आणि बोटाखाली बारीक होत जाणारा डोंगर.

वर्गात सर इंग्रजी, माझ्याशी मराठी,
पण मशीनपाशी उभे राहिले की कानडी:
'इन्नू स्वल्प' म्हणजे अजून थोडं,
'साकु' म्हणजे पुरे.
या दोन शब्दांच्या मधे माझी सगळी नोकरी.

केसापेक्षा पातळ झाला की दगडातून उजेड जातो.
गोकाकचा क्वार्ट्झाइट दुधी चमकायचा.
जांभा मात्र शेवटपर्यंत तांबडा,
खानापुरात कौलं भाजणाऱ्या माझ्या बापासारखा,
विचारलं तरी न बोलणारा.

सरांचा पहिला मोठा रिपोर्ट एका सड्याचा.
बॉक्साइट, उत्तम प्रतीचं. हार पडले, बढती झाली.
सहा वर्षांनी स्कूटरवरून बघायला गेलो
तर सडा नव्हता.
हिरव्या पाण्याचा खड्डा, त्यात ट्रक धुणारी दोन पोरं.
सरांनी हातोडी पिशवीतून काढलीच नाही.
पिरनवाडीला चहात साखर दोनदा घातली
आणि तसाच प्यायले.

मग चारशे सतरा.
जांबोटीच्या पुढं, कुठं ते मी सांगणार नाही.
वाकून चालणाऱ्या आम्हा दोघांना बघून
शेरडं राखणारी बाई म्हणाली,
'काय हरवलंय तुमचं?'
सर हसले. हातातला खडा माझ्याकडे दिला.
हलका होता.
हलका म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाच ठाऊक.
बाईनं आंबील दिली. सरांनी वाटी धुऊन परत केली.

रजिस्टरात सगळे रकाने भरले,
ठिकाणाचा रिकामा.
'आठवत नाही, भरमा.'
ओढ्यातला गोटा बघून ओढ्याचं नाव सांगणारा माणूस.

निवृत्तीच्या दिवशी, शाल-नारळ झाल्यावर
ते खाली आले. खिशातून काच काढली.
४१७.
'इन्नू स्वल्प.'
मी घासला. त्यांनी उजेडाकडे धरून पाहिला.
'इन्नू स्वल्प, भरमा.'
पाणी तांबडं झालं, मग पिवळट,
मग नळाचं असतं तसं.
मी थांबून थांबून मान वर केली,
सर खिडकीतून सायकल स्टँडकडे बघत होते.
'साकु' म्हणाले नाहीत.

काच पुसली
आणि नव्या काचांच्या डब्यात ठेवून दिली.