बोलनळी

गाडी आली तेव्हा तिच्यात कोंबड्या राहून गेल्या होत्या.
शेल्ड नदीपलीकडच्या गोठ्यात, गवताच्या गंजीआड
तिने दोन युद्धं काढली, आणि भावाभावांची एक वाटणी.
योरिसने इंजिन उतरवलं.
आखिलने भुसा झालेला सांगाडा
जुन्या ॲशच्या फळ्यांतून पुन्हा जुळवला.
रंगाचे बावीस हात, प्रत्येक हातानंतर घासणं,
आणि उरलीसुरली शिवण माझ्या पदरात:
मी गोदेलीव्ह, अँटवर्पची गाद्यावाली,
घोड्याच्या केसांनी शिंकून शिंकून म्हातारी झालेली.

एकोणीसशे बाराची कूपे.
मागे मालकांची काचेची खोली:
निळी बनात, रेशमी गोंडे,
एका फुलापुरती फुलदाणी,
पावडरच्या डबीला हस्तिदंती कोनाडा.
पुढे, छपराबाहेर, चामड्याची एक बैठक,
पावसाला उघडी, धुळीला उघडी,
सबंध नोव्हेंबरला उघडी.

दोन्हींच्या मध्ये नळी.
आतल्या टोकाला तोंड, बाहेरच्या टोकाला कर्णा,
शोफरच्या डाव्या कानाशी अचूक बसवलेला.
आतून बोलायचं, बाहेर ऐकायचं.
उलट बोलायची सोयच कोणी केली नव्हती.

बैठक उसवली तेव्हा खड्डा दिसला,
उजवीकडे, अगदी कडेला.
वर्षानुवर्षं कोणीतरी
कर्ण्यापासून अंग चोरून बसलं होतं.

मी नळीत फुंकर मारली. हवा जाईना.
तार घातली, ओढली,
तर मोज्याची टाच बाहेर आली,
राखाडी लोकर, लाल दोऱ्याने रफू,
चौपदरी घडी.
‘उंदीर,’ योरिस म्हणाला.
‘उंदीर घडी घालत नाहीत,’ मी म्हटलं.

मग जेवायची सुट्टी झाली,
आणि कोणीच जेवायला उठलं नाही.

काय सांगत असतील आतून?
हळू. डावीकडे. थांब.
नाटक सुटेपर्यंत थांब.
नाटकानंतरचं जेवण आटपेपर्यंत थांब.
आणि तो, पितळी दिव्यांच्या पिवळ्या उजेडात
बोटं काखेत घालून
रस्ता स्वतःच्या मनाने ओळखत असेल.
चुकला असेल कधी?
त्याला कामावरून काढलं असेल?
टाच काही बोलली नाही.
टाके मात्र घट्ट होते, डावखुऱ्या हाताचे,
घाईतले.

स्टेर्केन्स बाईंनी बजावून ठेवलं होतं:
सगळं चालू हवं, घड्याळसुद्धा.
घड्याळ चालू केलं.
नवी गादी मी उजवीकडे किंचित खोलगट भरली;
हे बिलात लिहिलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी, किल्ल्याच्या हिरवळीवर
रिमझिम लागली.
पांढऱ्या हातमोज्यांचे परीक्षक
वाकून वाकून शिवण बघत होते.
‘सगळं मूळचंच?’
‘हो,’ मी म्हटलं, ‘शेवटच्या टाक्यापर्यंत.’

फेरी सुरू झाली.
बाई आत, गुडघ्यांवर शाल,
योरिस बाहेर, टोपीच्या कडेवरून पाणी गळतंय.
वळणापाशी बाईंनी नळीचं तोंड उचललं,
ओठ हलताना मला काचेतून दिसले.
योरिसने मान वळवली नाही.
गाडी वळण सोडून, लिंडनच्या झाडांखालून,
आपल्या तंद्रीत
सरळ तळ्याकडे निघाली.

परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं.
मी बोटातलं अंगुस्तान काढून
पिशवीत ठेवत होते.