बेवारस

क्लाइपेदा बंदरात नोव्हेंबर, चारलाच दिवे लागलेत.
रिमान्तासचा निरोप:
आगापिछा नसलेल्या फायली शुक्रवारी पुसून टाक.

एग्ले मोजते. दोन हजार एकशे सहा.
एकेकीचं नाव बत्तीस अक्षरी,
हाक मारता न येणारं.
टेबलात ओळ असती, ओळीत हा पत्ता असता,
तर फाइल कुणाचीतरी असती.
एवढंच तर असतं नातं : एकाच्या रकान्यात
दुसऱ्याचा नंबर.

पुसण्याआधी एक उघडते. उगाच.
खलाशाचं जुनं पुस्तक, कोपरा पाण्यानं फुगलेला,
शिक्का तिरका.
पुढची फाइल : तेच पुस्तक.
तिच्या पुढची : तेच, आता अंगठ्यासकट.

लॉग सांगतो, रात्री ११.४०, ११.५२, १२.०९.
फाइल पोचली, मग नेट गेलं.
ओळ लिहिता लिहिता सिस्टीमनं माघार घेतली
आणि पडद्यावर तांबड्यात : पुन्हा प्रयत्न करा.

केला होता त्यानं.

कोड एग्लेचाच, दोन वर्षांपूर्वीचा.
आधी फाइल, मग ओळ.
तेव्हा हाच क्रम सरळ वाटला होता.

ती फोटो मोठा करते. शाई तपकिरी :
योकुबास स्टोंकुस, बॉयलरवाला.
जहाजाचं नाव फुगवट्यात गेलेलं.
ओळ हातानं घालते, तिन्ही पत्ते तिला जोडते.
‘अर्जदार’ मात्र रिकामा सोडावा लागतो;
अंगठ्यावरून नाव कळत नाही.

उरल्या दोन हजार एकशे तीन.
रिमान्तासला कळवते, शुक्रवार जमणार नाही.
का, ते लिहीत नाही.
पुढची उघडते.