पोती

मॅडम म्हणाल्या, व्हेरिएबल म्हणजे डबा.
वर नाव लिहायचं, आत काय ते नंतर बघू.
कुणी एक्स लिहिलं, कुणी ए,
पुढच्या बाकावरच्या तन्मयनं स्वतःचंच नाव.
मी लिहिलं पोती,
आणि आत ठेवलं शून्य.

कोपरखैरण्याचा क्लास साडेआठला सुटतो.
घणसोलीच्या खोलीत लॅपटॉप उघडला,
सेकंडहँड, बॅटरी मेलेली,
वायर हलली की सगळं जातं.
आबा पलंगाच्या कडेला, कमरेला पट्टा.
"काय चालवलंयस गं पमे?"

फॉर लूप, मी म्हटलं.
एकच काम, पुन्हा तेच, पुन्हा तेच,
दर फेरीला आकडा एकानं वाढतो
आणि अट संपली की आपोआप थांबतं.
आबा हसले.
"एकतीस वर्षं तुर्भ्याच्या मार्केटात दुसरं काय केलं मग?
ट्रकापासून गाळ्यापर्यंत, गाळ्यापासून ट्रकापर्यंत.
अट तेवढी कुणी सांगितली नव्हती."

मी रन दाबलं.
शून्य, एक, दोन, तीन
"शून्य?" आबा पुढं वाकले, पट्टा करकरला.
"शून्याचं पोतं कुणाच्या पाठीवर दिलंस?"
मशीन शून्यापासून मोजतं, आबा.
"मोजू दे. आमचा मुकादम शेडगे
खडू घेऊन उभा राहायचा,
पहिलं पोतं पडलं की ओरडायचा, लाभ!
मग दोन, मग तीन.
एक म्हणायचंच नाही."

मी मधे एक इफ घातला,
आकडा शून्य असेल तर लाभ छाप,
नाहीतर एक मिळवून पुढं चल.
लाभ
दोन
तीन
आबा बराच वेळ बघत बसले.
ओठ हलत होते, पन्नासापर्यंत.

पुढचा धडा, मॅथ डॉट रँडम.
शून्य ते एकच्या मधलं काहीही मिळेल,
शून्यसुद्धा येईल,
पण एक कधीच येणार नाही.
हे वाचून दाखवलं तेव्हा म्हणाले,
"म्हंजे त्याला कळतं की."

मग त्यांनी गादीखालची पिशवी काढली.
सिडकोच्या सोडतीचे कागद, चार वेळचे,
चार वेळा अनामत भरली, चार वेळा परत आली,
नाव एकदाही आलं नाही.
"ह्याला आमचा नंबर विचार."

मी रँडमला अर्जांच्या आकड्यानं गुणलं,
दशांशामागं भलीमोठी शेपटी लोंबायला लागली,
ती कापायला मॅथ डॉट फ्लोअर लावलं.
"फ्लोअर? कितवा?"
मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले,
"तिसरा चालंल. लिफ्ट असली तर."

फॉर पुरला नाही, व्हाइल लावला.
आबांचा नंबर निघेपर्यंत चिठ्ठ्या काढत राहा,
आणि किती काढल्या ते पोतीत मोज.
डोळा लवायच्या आत उत्तर:
अठ्ठावन्न हजार दोनशे तेरा.
"वर्षाला एक सोडत धरली तर?"
मी गप्प.
"पुन्हा दाब."
तीनशे नऊ.
"बघ! पुन्हा."
नव्वद हजारांच्या वर.
"पुन्हा."

शेजारच्या लोखंडेंनी टीव्ही बंद केला,
खाली रिक्षावाला सीट झटकत होता,
आणि आम्ही दोघं
एका न मिळालेल्या घराचा आकडा
वरखाली होताना बघत होतो,
हसत होतो,
आई भांडी घासता घासता ओरडली, झोपा आता!
सतरा आला एकदा, फक्त सतरा,
तेव्हा आबा उभेच राहिले,
कमर विसरून.

पाय वायरीत अडकला.
स्क्रीन काळी.
सेव्ह केलं नव्हतं.
इफ, लाभ, सतरा, सगळंच गेलं.

मी कपाळाला हात लावला.
आबा हळूच खाली बसले, वायर चाचपत,
"ह्यात अनामत तर नव्हती ना भरली?
मग रडतीस काय.
टाक परत."