मंगळवारी माझी पाळी

फ्रिजवर पाळ्यांचा तक्ता, मॅरेनच्या अक्षरात:
'मंगळवार. ऑरिनचे बाबा. चिखल.'
विषय म्हणून एवढंच.

मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.
चिखल बुटांना लागतो आणि घरात आणायचा नसतो,
इतकीच माझी त्याच्याशी ओळख.
रात्री टेबलाशी बसून चार मुद्दे काढले,
पाचवा सुचेना.
कागद घडी करून खिशात ठेवला.

सकाळी नऊ. ओहोटी.
मेनचा किनारा, नोव्हेंबर,
पाच घरांतली सात मुलं रबरी बुटांत.
रांग लावा म्हणालो. रांग कसली,
सांडलेले वाटाणे.
(गेल्या महिन्यापर्यंत सात घरं होती.
दोन घरं सूपवरून भांडून गेली:
त्यात हाड उकळलं होतं की नव्हतं.)

थंडी अशी की बोलणं दिसत होतं.
जुनिया कुणाशी बोलत नाही,
पण तिच्याही तोंडून वाफ येत होती.
तेवढ्यावर तिची हजेरी मांडली.

'आज आपण शिकणार आहोत...' म्हणेपर्यंत
डोव्ह गुडघाभर रुतला.
ओढला तर पाय आला, बूट राहिला.
सगळे वाकून त्या भोकाकडे बघायला लागले.
चिखलानं बूट गिळल्याचा आवाज
कुणीतरी काढून दाखवला,
मग सगळ्यांनी,
मग पुन्हा, आणखी बरोबर.
यात अर्धा तास गेला.

पुलावरून शाळेची पिवळी बस गेली.
मुलांनी हात हलवले, खिडक्यांमधूनही हलले.
माझा भाऊ ती बस चालवतो.
ही काय शाळा, असं तो दर रविवारी विचारतो,
आणि मी बटाटे पुढे सरकवतो.

'ओढू नका,' टॅन्सी म्हणाली, वय साडेचार,
'त्याला श्वास द्या.'
बाजूनं काठी घातली, जरा फिरवली.
आत हवा गेली
आणि चिखलानं सुस्कारा टाकून बूट सोडला.
वीस वर्षं अडकलेले पिस्टन सोडवतोय मी.
हे मला माहीत होतं,
पण हातांना.
तोंडापर्यंत कधी आलंच नव्हतं.

बुटाबरोबर एक शिंपला वर आला.
त्यानं ऑरिनच्या नाकावर पाण्याची पिचकारी मारली
आणि माझ्या पुढच्या तीन मुद्द्यांचं काम संपलं.
पाठीवरच्या एकेका रेघेचं एकेक वर्ष,
हे मी सांगितलं, खरं तर वडिलांनी मला सांगितलं होतं,
त्यांची बोट विकली त्या वर्षी.
जुनियानं माझा अंगठा धरला,
त्याचं नख रेघांवरून नेलं, सावकाश,
नवव्या रेघेवर थांबवलं.
नऊ.
इथल्या प्रत्येकापेक्षा मोठा, माझ्याशिवाय.
मग कुणी त्याच्याशी मोठ्यानं बोलेना.

परत पुरायचा, यावर एकमत.
कुठली बाजू वर, यावर नाही.
मतं घेतली. डोव्हनं दोनदा हात वर केला, दोन्ही बाजूंसाठी.
शेवटी आडवा ठेवला,
त्याचं तो ठरवेल म्हणून.

पाणी परतायला लागलं तशी घाई.
मी मोजलं, मॅरेननं बजावल्यासारखं:
मुलं सात.
बूट तेरा.
पुन्हा मोजलं. तेराच.
सगळे एकमेकांच्या मागे बघत होते.
'एकटा नको राहायला,' टॅन्सीनं खुलासा केला,
'म्हणून शेजारी पुरला.'
तोवर ती जागा पाण्याखाली.

डोव्हला खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत आलो.
त्याचा ओला मोजा माझ्या कानाला लागत होता.
त्याच्या आईला काय सांगायचं,
हा पाचवा मुद्दा.

रात्रपाळीहून उठून मॅरेननं विचारलं,
'काय शिकवलंस?'
खिशातून कागद काढला. शाई पसरली होती.
तिनं बराच वेळ बघितलं,
मग फ्रिजपाशी जाऊन
पुढच्या मंगळवारचं नाव खोडलं:
'ऑरिनचे बाबा. चिखल. बूट.'