उपयोगिता प्रमाणपत्र

सदतीस वर्षं महालेखाकार कार्यालयात
मी दुसऱ्यांच्या पावत्यांवर हिरव्या शाईनं खुणा केल्या.
आता मंगळवारी आणि शुक्रवारी लष्करातून हजिऱ्याला जातो,
बंद मिलच्या मागच्या गल्लीत
एका संस्थेची वही लिहायला.
मानधन नाही. चहा असतो, आल्याचा, भयंकर गोड.

पैसा आला उत्तरेकडच्या एका देशातून,
जिथे डिसेंबरात दुपारी तीनला दिवे लावतात म्हणे.
दोन लाख ऐंशी हजार. पत्रातच लिहिलं होतं: लहान अनुदान.
आधी दिल्लीच्या खात्यात अडकला,
तिथं त्याला चार कागद विचारले,
मग ग्वाल्हेरला उतरला,
रात्रीच्या गाडीनं आलेल्या पाहुण्यासारखा, चुरगळलेला.
उद्देश: स्थानिक लोकशाहीचे बळकटीकरण.
हे कोणत्या शीर्षाखाली घालावं
याचा मी आठवडाभर विचार केला.

शेवटी असं घातलं:
सतरंज्या सहा. माइक एक, वायर वेगळी.
माहितीच्या अर्जांचे कागद, दहा रुपयांची तिकिटं,
अंगठ्यासाठी शाईची डबी.
समोसे.

सभेत रामश्री जाटव उठली. सहायक यंत्र्याला म्हणाली,
टँकर रोज येतो असं लिहिलंय, ती वही दाखव.
तो म्हणाला, किताब दफ्तर में है.
ती म्हणाली, तो हम दफ्तर में बैठेंगे.
बसल्या. दोन दिवस, स्वेटर विणत.
आता टँकर आठवड्यातून चारदा येतो.
रोज नाही. चारदा.

आणि मग एका शुक्रवारी,
चपला बाहेर काढून, तिघींना घेऊन,
ती माझ्या टेबलापाशी आली.
बाबूजी, तुमाई किताब?
मी म्हणालो, ऑडिट झालंय, अहवाल परदेशी गेलाय.
“परदेस जात है, तो हमाए मोहल्ला में काए नईं?
पइसा तो हमाए नाम पै आओ.”

हेच वाक्य मी सदतीस वर्षं बोललो,
बऱ्या व्याकरणात, पंख्याखाली बसून.
मला कुणी म्हटलं नव्हतं.
कान गरम झाले. चष्मा पुसला, पुसण्याजोगा नसताना.

सतरंजीवर बसून मोठ्यानं वाचलं सगळं.
चौदाव्या नोंदीला तिनं हात वर केला.
समोसे साठ?
बा दिन हम अड़तीस हते.
आणि बोटांच्या पेरांवर नावं मोजली,
गैरहजर असलेल्यांचीसुद्धा, कारणांसकट.
आमचा अतीक जमिनीकडे पाहू लागला.
सोळा दारातल्या पोरांनी खाल्ले, तो म्हणाला,
आणि सहा यंत्र्याच्या ड्रायव्हरनं
वर्तमानपत्रात बांधून नेले.

चौघींनी आपसात विचार केला.
पोरांचे मंजूर.
ड्रायव्हरचे नामंजूर.
अतीकनं साठ रुपये जमा केले, मी पावती फाडली,
आणि हिरवं पेन सापडेना म्हणून
तिथं तिनंच अंगठा उठवला.

छापील नमुन्यात शेवटी एक चौकट असते:
काय बदलले, दोनशे शब्दांत.
मी सहा समोशांचं लिहिलं.
तिकडच्या बाईंचं उत्तर आलं, फार सभ्य:
हे साठ रुपये उत्पन्न धरावे का?
शिवाय पुढल्या वर्षी त्यांचा प्राधान्यक्रम
दुसऱ्या खंडाकडे जातोय, शुभेच्छा.

खात्यात आता तीनशे चाळीस आहेत. तरी शुक्रवारी वाचन होतं,
पाच मिनिटांत संपतं.
परवा रामश्रीनं विचारलं,
और उनकी किताब कौन बाँचत है, बाबूजी?
बे परदेस बारे?

मी तो प्रश्न जसाच्या तसा पाठवलाय,
शेरा म्हणून, कारण त्याला रकाना नव्हता.
उत्तर अजून नाही.
डिसेंबर आहे. तिकडे आता
दिवे लावत असतील.