न भाजलेला

गलाईवाल्याला खडा म्हणजे अडचण.
मुशीत टाकायच्या आधी टोच्यानं उचकटायचा,
बाजूला सारायचा.
गिऱ्हाईक सोन्याचे पैसे मोजून निघून जायचं,
खडा फरशीवर राहायचा.
अण्णांनी सालेमच्या त्या बोळात
एकतीस वर्षं असले खडे
बोर्नव्हिटाच्या डब्यात टाकले.
विट्याला परतताना भट्टी विकली,
तराजू भावकीत दिला,
डबा तेवढा मांडीवर घेऊन आले.

आता तो माझ्या टेबलावर पालथा.
"जयपूरला जाऊन एवढं शिकलीस,
सांग, कितीचा माल?"

मी उत्तरेची खिडकी उघडते.
उन्हाची तिरीप नको, ट्यूब तर नकोच,
ट्यूबखाली माणिक रुसून बसतं
आणि पिवळ्या बल्बखाली काचसुद्धा पाटलीण होते.
सकाळी दहा ते अकरा, आभाळ मोकळं,
खाली पांढरा कागद.
हा उजेड खोटं बोलत नाही.
फार तर गप्प राहतो.

लाल, मोठा.
भिंगाखाली वाकड्या रेघा, तबकडीवर असतात तशा.
"कारखान्यातला आहे, अण्णा. भट्टीत बनलेला.
चहा-भज्याचे पैसे."
"तो लुंगीवाल्या मास्तरचा," अण्णा म्हणतात,
"पोरीची फी भरायची होती.
खडा आईचा आहे, ठेवा, सोडवायला येतो म्हणाला.
रडला गं दुकानात."
"रडण्याचं वजन होत नाही, अण्णा,"
म्हणते, आणि जीभ चावते.

हिरव्याच्या पोटात बुडबुडा: काच.
दुसरा हिरवा पाचू खरा, पण तेल प्यायलेला,
तेल सुकलं की तडा दिसेल, तडा दिसला की भाव बसेल.
पुष्कराज म्हणून कुणाच्या तरी बोटात मिरवलेला सुनेला.
गोमेद दोन, बरे.
बाकी ढीग, लहान पोरीच्या कानातले ठिपके,
हे रतीवर नाही, मुठीवर जातात.
अण्णा प्रत्येकाला माणूस चिकटवत जातात,
मी प्रत्येकापुढे आकडा.
आमची बेरीज कुठंच जुळत नाही.

मग एक निळा.
तुरीच्या दाण्याएवढा, जरासा धुरकट.
मी भिंग पुसते, पुन्हा बघते.
आत रेशीम आहे, बारीक सुया,
अख्ख्या, एकही विरघळलेली नाही.
"ह्याला आग लागलेली नाही, अण्णा.
खाणीतून निघाला तसा आहे.
न भाजलेल्याला भाव दुप्पट, कधी तिप्पट."
अण्णा आपले हात बघतात,
मनगटापासून कोपरापर्यंत तेजाबाचे, ठिणग्यांचे डाग.
"म्हणजे भाजलेल्याला कमी?"
"कमी."
"बरंय तुमचं शास्त्र."

"हा कुणाचा होता?"
"आठवत नाही," ते म्हणतात.
सकाळपासून पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता.

मी अंदाज सांगते. अंदाज म्हणजे
घेणारा समोर बसला असेल तरच खरा.
जयपूरला तीस हजार म्हणू,
सांगलीच्या पेठेत बारा सांगतील, नऊ देतील,
विट्यात लोक विचारतील, शनी उतरतो का ह्यानं.
"तोंडानं नको," अण्णा म्हणतात,
खांद्यावरचा टॉवेल काढतात,
खरसुंडीच्या बाजारात खोंडाचा सौदा करावा
तसा आमच्या दोन हातांवर टाकतात.
त्यांची दोन बोटं आता वाकत नाहीत.
उरलेली तीन माझी बोटं धरतात, दाबतात.
मी मान हलवते.
ते पुन्हा दाबतात, एक बोट सोडून.
विकणाऱ्यानं आपण होऊन भाव उतरवलेला
मी कुठल्याच बाजारात पाहिला नव्हता.

काय ठरलं ते टॉवेलाखाली.

उजेड खिडकीतून सरकला तेव्हा
मी सगळं गोळा करून वहीत ओळ लिहिली,
रंगीत खडे, एकूण, आणि पुढची जागा कोरी.
"मास्तरचा वेगळा ठेव," अण्णा म्हणाले.
पुडी बांधली. नाव विचारलं.
नाव त्यांना कधीच माहीत नव्हतं.
मी पुडीवर लिहिलं: लुंगी, फी, लाल.